टीनएजर्सचा सायकॉलॉजिस्ट नक्की करतो काय आणि तसं व्हायचं असेल तर

बारावीचे निकाल लागले की ओळखीतल्या कुणाची तरी मुलगी विचारतेच, ताई मला सायकॉलॉजी करायचंय आणि मला टीनएजर्सबरोबरच काम करायचंय, कारण त्यांचं कुणी ऐकूनच घेत नाही. मला हे ऐकून दर वेळी बरं वाटतं. पण ऐकून घेणं हा या कामाचा दरवाजा आहे, आत शिरल्यावर खरं काम वेगळंच असतं. समोर बसलेल्या पंधरा वर्षांच्या मुलात जे काही दिसतंय ते वाढीचा भाग आहे की आजाराची सुरुवात आहे हे ओळखायचं, हे ते काम. आणि ते ओळखायला बरीच वर्षं अभ्यास लागतो, नुसता चांगला स्वभाव पुरत नाही. मी ठाण्यात हेच करते, त्यामुळे ज्यांना हे करिअर करायचंय त्यांच्यासाठी आणि ज्या आईवडिलांना अशा कुणाकडे मुलाला न्यायचंय त्यांच्यासाठीही, जमेल तितकं सोपं करून लिहिते.

आधी कोण कोण असतं ते बघू, कारण घोडबंदर रोडपासून वाशीपर्यंत काउन्सेलिंगचे बोर्ड इतके झालेत की माणूस गोंधळतो. सायकिअ‍ॅट्रिस्ट म्हणजे डॉक्टर, एमबीबीएस करून मग मानसोपचारात एमडी वगैरे केलेले, औषधं तेच देतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मानसशास्त्र शिकलेला असतो, टेस्ट करतो, निदान करतो, थेरपी देतो, पण गोळ्या लिहून देत नाही. काउन्सेलर शाळा-कॉलेजात जास्त दिसतात, अभ्यास, मैत्री, घरातली भांडणं, करिअर असे प्रश्न हाताळतात आणि गरज वाटली तर पुढे पाठवतात. यातले जे लोक किशोरवयावरच लक्ष देतात त्यांना या सगळ्याबरोबर एक गोष्ट जास्तीची शिकावी लागते, ती म्हणजे त्या त्या वयात काय नॉर्मल असतं. आठवीत जे चालतं ते बारावीत काळजीचं असू शकतं आणि उलटही.

आता हे वय वेगळं का. जागतिक आरोग्य संघटना 10 ते 19 वर्षं हे किशोरवय धरते. 1904 साली स्टॅनली हॉल नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने या वयावर मोठा ग्रंथ लिहिला आणि हे वय म्हणजे वादळ असं चित्र उभं केलं, ते चित्र अजून आपल्या डोक्यातून गेलेलं नाही, मुलगा उलट बोलला की लगेच "वयच तसलं आहे". नंतरच्या संशोधनात दिसलं की बहुतेक मुलं फार मोठी पडझड न होता या वयातून पार होतात. हे मी मुद्दाम सांगते कारण याचा दुसरा अर्थ असा की ज्याची पडझड होतेय त्याला "वयच तसलं" म्हणून सोडून द्यायचं नसतं.

मेंदूचं म्हणाल तर 1990 च्या दशकात अमेरिकेत गीड नावाच्या संशोधकाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच त्याच मुलांचे मेंदू काही काही वर्षांनी एमआरआयने बघितले आणि लक्षात आलं की मेंदूची बांधणी बालपणी संपत नाही. भावना आणि बक्षिसाची ओढ ज्या भागांमधून चालते ते भाग वयात येताना जोरात कामाला लागतात, आणि थांबणं, परिणामांचा विचार, प्लॅनिंग हे सांभाळणारा कपाळामागचा भाग मात्र विशीच्या मध्यापर्यंत पक्का होत राहतो. घोडबंदरला नव्या टॉवरमध्ये लोक राहायला येतात आणि लिफ्टचं काम अजून चालूच असतं, साधारण तसं. म्हणून मुलाला धोका कळत नाही असं नाहीये, एकटा शांत बसलेला असताना सोळा वर्षांचा मुलगा जवळपास मोठ्या माणसासारखा विचार करू शकतो. फरक पडतो तो मित्र बाजूला असले की. 2005 साली गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांनी कॉम्प्युटरवर गाडी चालवायचा खेळ वेगवेगळ्या वयाच्या लोकांना खेळायला दिला, काहींना एकट्याने आणि काहींना मित्रांसमोर. मित्र बघत असताना किशोरवयीन मुलांनी कितीतरी जास्त धोके पत्करले, मोठ्या माणसांना मात्र फारसा फरक पडला नाही. पाम बीच रोडवर रात्री ट्रिपल सीट बाईक पळवणाऱ्या मुलांना "अक्कल नाही" म्हणून आपण मोकळे होतो, पण त्यातला प्रत्येक जण एकटा असता तर बहुधा तशी चालवली नसती. म्हणून नुसतं भाषण देण्यापेक्षा, तो ग्रुप, ती वेळ आणि ती गाडीची चावी यांचं काय करता येईल हे बघणं जास्त उपयोगाचं.

झोपेवर थोडं जास्त लिहिते कारण माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या तक्रारींमध्ये झोप कुठेतरी लपलेली असते. वयात आल्यावर मेलाटोनिन, म्हणजे शरीराला झोपेची वेळ सांगणारं हार्मोन, रात्री उशिरा वाढायला लागतं. मेरी कार्सकॅडन या अमेरिकन झोप-संशोधकांनी यावर वर्षानुवर्षं काम केलंय. म्हणजे दहावीतल्या मुलाला साडेदहाला झोप येत नाही यात मोबाईलचा हात असतोच, पण सगळा दोष मोबाईलचा नसतो, शरीराचं घड्याळच पुढे सरकलेलं असतं. या वयात आठ ते दहा तास झोप लागते. आता गणित करा, सातची शाळा, त्यासाठी साडेपाचला उठायचं, दुपारी क्लास, रात्री साडेनऊला ठाणे स्टेशनच्या गर्दीतून घरी, जेवण, होमवर्क, झोपायला बारा. साडेपाच तास. मग तो चिडतो, विसरतो, रविवारी दुपारी एकपर्यंत लोळतो आणि आई म्हणते आळशी झालाय. 2024 मध्ये आपल्या राज्य सरकारने चौथीपर्यंतच्या वर्गांची शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नका असं सांगितलं, लहानांसाठी चांगलंच झालं, पण झोपेचं संशोधन बघितलं तर सगळ्यात जास्त गरज आठवी ते बारावीच्या मुलांना आहे आणि नेमकी तीच मुलं सकाळच्या शिफ्टला जातात. मला हे मनापासून खटकतं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2014 मध्येच सांगितलंय की या वयाच्या मुलांची शाळा साडेआठच्या आधी नको.

दुसरी मोठी गोष्ट ओळखीची, मी कोण हा प्रश्न. एरिक एरिक्सन या मानसशास्त्रज्ञांनी हे या वयाचं मुख्य काम मानलं आणि जेम्स मार्सिया यांनी 1966 मध्ये त्याची चार अवस्थांमध्ये मांडणी केली. साधं करून सांगायचं तर दोन प्रश्न विचारायचे, मुलाने वेगवेगळे पर्याय तपासून बघितलेत का, आणि त्याने काही पक्कं ठरवलंय का. तपासलंही नाही आणि ठरवलंही नाही, असा मुलगा भरकटलेला दिसतो. तपासतोय पण ठरत नाहीये, तो अस्वस्थ असतो, दर महिन्याला नवीन काहीतरी, आज गिटार उद्या युपीएससी, आणि घरचे वैतागतात, पण विकासाच्या नजरेने हा बरा चाललाय. तपासून ठरवलेला तो स्थिर. आणि चौथा प्रकार म्हणजे काहीही न तपासता ठरवून टाकलेलं, आमच्या भागात मी सगळ्यात जास्त बघते तो हाच. बाबा इंजिनिअर, म्हणून आठवीपासूनच जेईई फाउंडेशन, दहावीत 92 टक्के, मुलगा शांत, गुणी, कुणाची काही तक्रार नाही. असल्या मुलाला माझ्याकडे कोणी आणतच नाही. तो येतो विसाव्या वर्षी, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, सकाळी उठवत नाहीये आणि का ते त्याला सांगता येत नाहीये. मग सोळाव्या वर्षी करायचा राहिलेला शोध तिथे सुरू करावा लागतो, जास्त दुखऱ्या अवस्थेत. त्यामुळे अकरावीच्या अ‍ॅडमिशनच्या वेळी घरात थोडे वाद झाले तर मी घाबरत नाही, काहीच वाद झाला नाही की दोन प्रश्न जास्त विचारते.

आता मूळ मुद्दा, वाढ आणि आजार यातला फरक ओळखायचा कसा. समजा ऐरोलीतला दहावीचा मुलगा आहे, दार लावून बसतो, विचारलं की "काही नाही", जेवायला बोलावलं की चिडतो. आईचं म्हणणं अ‍ॅटिट्यूड आलाय. सायकॉलॉजिस्ट विचारेल की रविवारी ग्राउंडवर क्रिकेटला जातो का, मित्रांशी हसतो का, आवडीची सिरीज बघतो का, झोप आणि भूक कशी आहे, हे किती दिवस चाललंय, शाळेतही असाच असतो की फक्त घरी. ग्राउंडवर जातोय, मित्रांबरोबर ठीक आहे, फक्त आईबाबांना आत येऊ देत नाही, तर ही वाढ आहे, त्याला स्वतःची जागा हवीय. पण क्रिकेट सुटलं, मित्रांचे फोन घेत नाही, ताटातलं तसंच राहतं आणि हे दोन आठवडे रोज चाललंय, तर डिप्रेशनचा विचार करावाच लागतो. आणि एक गोष्ट आईवडिलांना कुणी सांगत नाही, या वयात डिप्रेशन नेहमी रडवेलं दिसत नाही, पुष्कळदा ते चिडचिड म्हणून दिसतं. मोठा माणूस उदास बसतो, मुलगा दार आपटतो. बाहेरून उद्धटपणा वाटतो आणि ओरडा बसतो. बंगळूरच्या निमहान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने 2015-16 मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत 13 ते 17 वयाच्या मुलांमध्ये मानसिक आजाराचं प्रमाण 7.3 टक्के निघालं होतं, मोठ्या शहरांत त्याहून बरंच जास्त. म्हणजे साठ मुलांच्या वर्गात चार तरी.

पहिलं सेशन कसं असतं ते सांगते, कारण या करिअरची खरी परीक्षा तिथे असते. समजा कोपरखैरण्याहून आई, बाबा आणि सोळा वर्षांची मुलगी आलेत. आई बोलत असते, बाबा मधून मधून भर घालतात, मुलगी मोबाईलचं कव्हर काढते आणि पुन्हा घालते, वर बघत नाही. पैसे देणार आईबाबा, आणले त्यांनी, तक्रार त्यांची, आणि काम करायचं मुलीबरोबर जिला इथे यायचंच नव्हतं. म्हणून मी तिघांसमोर एकदाच स्पष्ट सांगते, की इथे ती जे बोलेल ते तिला विचारल्याशिवाय मी तुम्हाला सांगणार नाही, तीन गोष्टी सोडून. तिच्या जिवाला धोका वाटला, तिच्याकडून दुसऱ्या कुणाला इजा होईल असं वाटलं, किंवा तिच्यावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर मी गप्प बसणार नाही, आणि तेव्हाही आधी तिला सांगेन. यावर हमखास बाबा विचारतात, "मॅडम, मग आम्हाला कळणार काय?" मी सांगते, कसं चाललंय ते कळेल, काय बोलली ते नाही. याच वेळी मुलगी पहिल्यांदा वर बघते. सगळ्याच नाही बघत, काहींना तीन-चार सेशन लागतात, तोपर्यंत हवामानावर आणि शाळेच्या कँटीनवर बोलायचं, घाई केली की दार बंद.

यातली तिसरी गोष्ट नुसता माझा नियम नाही, कायदा आहे. 2012 च्या पॉक्सो कायद्यात 18 च्या आतल्या मुलावर लैंगिक गुन्हा झाल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हाच गुन्हा धरला जातो. आणि हा कायदा 18 च्या आतल्यांची संमती मानत नाही, म्हणजे सतरा वर्षांच्या दोघांचं प्रेमप्रकरण पुढे गेलं असेल तरी सायकॉलॉजिस्टसमोर तोच प्रश्न उभा राहतो. मुलगी विश्वासाने सांगायला आलेली असते आणि आपल्यावर कायद्याची जबाबदारी असते. म्हणून त्या तीन गोष्टी आधीच, तिने काही सांगायच्या आधी, तिला समजेल अशा भाषेत सांगायच्या, मग काय सांगायचं ते ती ठरवू शकते. हे शिकताना कोणी टाळलं असेल तर पुढे फार अवघड जातं.

आत्महत्येबद्दलही सरळ बोलायला शिकावं लागतं. "मरून जावंसं वाटतं का? कसं करायचं याचा विचार केलाय का?" असं थेट विचारल्याने मुलाच्या डोक्यात तो विचार घुसत नाही, अभ्यासांमध्ये हे तपासलं गेलंय, उलट बऱ्याच मुलांना कुणीतरी विचारलं म्हणून सुटल्यासारखं वाटतं. घरी असं काही जाणवलं तर टेलि मानसचा 14416 हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं, तो फोनमध्ये सेव्ह करून ठेवा. आणि जीव धोक्यात वाटत असेल तर फोनवर न थांबता सरळ जवळच्या हॉस्पिटलला न्या, मुलाला एकटं सोडू नका.

टेस्टबद्दल थोडक्यात. बुद्ध्यांकासाठी आपल्याकडे बिने-कामत टेस्ट अजून बऱ्याच ठिकाणी वापरतात, कामतांनी ती 1930 च्या दशकात मराठी आणि कन्नड मुलांसाठी बसवली होती. अभिमान वाटावा असं काम, पण इतक्या जुन्या टेस्टचा आकडा तसाच्या तसा मुलाच्या कपाळावर चिकटवायचा नसतो, तो कसा वाचायचा हे शिकण्यातच एमएचा बराच वेळ जातो. लर्निंग डिसॅबिलिटी 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे आणि बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ वगैरे सवलती मिळतात, पण त्यासाठी सरकारमान्य हॉस्पिटलचं सर्टिफिकेट लागतं, खासगी रिपोर्टवर भागत नाही. आणि हे नववीत सुरू करा, दहावीच्या जानेवारीत धावपळ करून काही होत नाही.

शिक्षणाचा रस्ता असा. बारावीला कुठलीही साईड चालते. मग मानसशास्त्रात बीए किंवा बीएस्सी, मग दोन वर्षांचं एमए, क्लिनिकल किंवा काउन्सेलिंग. ठाण्यात, मुंबई विद्यापीठात कलिनाला, एसएनडीटीत, देवनारला टिसमध्ये (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) असे पर्याय जवळच आहेत. स्वतःला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घ्यायचं तर रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया म्हणजे आरसीआयची मान्यता असलेला कोर्स आणि तिथली नोंदणी लागते. इतकी वर्षं त्यासाठी दोन वर्षांचं एमफिल हा ठरलेला रस्ता होता, नव्या शैक्षणिक धोरणात एमफिल बंद झालं आणि क्लिनिकल सायकॉलॉजीपुरती यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, 2025-26 च्या सत्रापर्यंत मुभा दिली होती. म्हणजे सीनिअर्सचा रस्ता तुमच्यासाठी तसाच नसेल, अ‍ॅडमिशनचे पैसे भरायच्या आधी तो कोर्स आणि ते कॉलेज दोन्ही आरसीआयच्या यादीत आहे का हे स्वतः बघा, एजंटच्या किंवा कॉलेजच्या ब्रोशरच्या भरवशावर राहू नका. आणखी एक, 2025 पासून मानसशास्त्र डिस्टन्स किंवा ऑनलाईन शिकवायला यूजीसीने बंदी केलीय. तीन महिन्यांचं सर्टिफिकेट घेऊन मुलांना थेरपी देणारे लोक इन्स्टाग्रामवर दिसतात, त्यांच्यासारखं होऊ नका एवढं कळकळीने सांगते, समोरच्याचं मूल असतं ते.

फक्त किशोरवयावरचा कोर्स आपल्याकडे फारसा मिळत नाही, ते स्पेशलायझेशन तुम्ही घडवता. इंटर्नशिप शाळेत घ्यायची, शक्यतो महापालिकेच्या शाळेतही, कारण ठाण्यातल्या सुखवस्तू वसंत विहारमधला मुलगा आणि नवी मुंबईतल्या कष्टकरी वस्तीच्या दिघ्यातला मुलगा सारख्याच वयाचे असले तरी त्यांचे दिवस सारखे नसतात. मग सायकिअ‍ॅट्री वॉर्डमध्ये काही काळ, खरा आजार कसा दिसतो ते डोळ्यांनी बघण्यासाठी. आणि सुपरव्हिजन, म्हणजे दर आठवड्याला अनुभवी माणसासमोर आपल्या केसेस मांडणं, हे डिग्री मिळाल्यावरही चालू ठेवायचं. ठाण्याला या बाबतीत मोठा वारसा आहे. इथलं मनोरुग्णालय 1901 चं, एकेकाळी "ठाण्याला पाठवायला पाहिजे" हा टोमणाच होता आणि लोक लाजेने उपचार टाळायचे. त्याच गावात 1990 साली मानसोपचारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णींनी आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही संस्था सुरू केली, आणि मनाच्या आरोग्यावर भर सभागृहात, मराठीत, घरच्यासारखं बोलायची सवय ठाणेकरांना लागली. मराठीत थेरपी देता येणं ही फार मोठी गोष्ट आहे, मुलगा माझ्याशी हिंदी-इंग्लिश मिसळून बोलतो पण त्याच्या आजीला समजवायला मला मराठीच लागते, आणि बऱ्याच घरांत निर्णय आजीच्या होकारावर अडलेला असतो.

नोकऱ्या शाळा, कॉलेजं, हॉस्पिटलं, एनजीओ आणि खासगी प्रॅक्टिसमध्ये आहेत. जुलै 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी, कोचिंग क्लास धरून, किमान एक पात्र काउन्सेलर, सायकॉलॉजिस्ट किंवा सोशल वर्कर नेमावा असं सांगितलंय, त्यामुळे जागा वाढायला हव्यात. पण शाळेची नोकरी घेताना विचारून घ्या की काउन्सेलरला बदली तासाला वर्गावर पाठवणार का आणि बसायला बंद दाराची खोली आहे का, कारण स्टाफरूमच्या कोपऱ्यात कुठलंच मूल मनातलं बोलत नाही. पहिली काही वर्षं पैसे कमीच मिळतात, घरून थोडा आधार लागतो. आणि वेळ विचित्र असते, मुलं शाळा-क्लास आटपून मोकळी होणार संध्याकाळी, म्हणजे आपलं काम संध्याकाळी पाच ते नऊ आणि शनिवार-रविवार, जानेवारी ते मार्च श्वास घ्यायला फुरसत नाही, मे महिन्यात अर्धी मुलं गावाला, आणि निकाल लागले की त्या आठवड्यात फोन सायलेंटवर ठेवता येत नाही.